आधी ध्वनी, मग चित्र: अ‍ॅनिमेशनपटात दृश्ये आणि ध्वनिपट फ्रेमला फ्रेम कसे जुळवावेत

कॅमेऱ्यासमोर एखादी बाई उखळात मिरच्या कांडत असेल, तर मुसळाचा ठोका आणि मुसळाची हालचाल एकाच क्षणी घडतात आणि एकाच क्षणी नोंदवल्या जातात. अ‍ॅनिमेशनमध्ये असे काहीच आयते मिळत नाही. कागदावरचे किंवा पडद्यावरचे मुसळ मुके असते. ते कोणत्या फ्रेमला, म्हणजे चित्रपटातल्या कोणत्या एका स्थिर चित्राला, टेकणार आणि त्याचा आवाज कोणत्या फ्रेमला सुरू होणार, हे दोन्ही निर्णय आपल्यालाच घ्यावे लागतात. म्हणूनच दृश्य आणि ध्वनी यांची जुळणी हे एडिटच्या टेबलावर शेवटी उरकायचे काम नाही. ध्वनी आधी मोजून घ्यायचा, तो फ्रेमच्या आकड्यांत लिहायचा आणि मग त्या आकड्यांवर चित्रे काढायची, हा क्रम पाळला तर शेवटची जुळणी जवळजवळ आपोआप होते. आणि क्रम उलटा केला तर काढून झालेली, रंगवून झालेली चित्रे फेकून द्यावी लागतात.

पुढील सर्व विवेचनासाठी एकच उदाहरण समोर ठेवले आहे: साडेतीन मिनिटांचा, हाताने काढलेल्या चित्रांचा द्विमित लघुपट. त्यात ढोलकी आणि टाळांच्या साथीचे एक गाणे आहे, आजी आणि नातीचे थोडे संवाद आहेत आणि घरातले रोजचे आवाज आहेत. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर हा चित्रपट ५०४० फ्रेमचा होतो. ही सगळी कामे ब्लेंडर, क्रिता, ओपनटून्झ, ऑडॅसिटी यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर होऊ शकतात.

पहिले काम: फ्रेमदर आणि सॅम्पलदर कायमचे ठरवणे

चित्रपटगृहात आणि महोत्सवांत २४ फ्रेमचा दर सर्वत्र चालतो. भारतातील दूरचित्रवाणीसाठी २५ फ्रेमचा दर रूढ आहे. दोन्ही चालतात, पण एक निवडल्यानंतर बदलता येत नाही असे मानूनच चालावे. २४ च्या दराने एक फ्रेम ४१.६७ मिलिसेकंद टिकते, २५ च्या दराने ४० मिलिसेकंद. हा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु २४ च्या दराने काढलेला १० मिनिटांचा चित्रपट २५ च्या दराने चालवला तर तो २४ सेकंद आधी संपतो आणि गाणे एकटेच चालू राहते.

याहून फसवा दर २३.९७६ चा आहे. अनेक एडिटिंग सॉफ्टवेअरच्या यादीत तो २४ च्या अगदी शेजारी असतो आणि घाईत तोच निवडला जातो. २४ आणि २३.९७६ यांत एक हजारांश फरक आहे. १० मिनिटांत तो ०.६ सेकंद, म्हणजे सुमारे १४ फ्रेम होतो, आणि १४ फ्रेमने चुकलेले ओठ कोणत्याही प्रेक्षकाला दिसतात. अ‍ॅनिमेशनचे सॉफ्टवेअर, ध्वनीचे सॉफ्टवेअर आणि एडिटिंगचे सॉफ्टवेअर या तिन्ही ठिकाणी हा आकडा उघडून प्रत्यक्ष पाहावा.

ध्वनीसाठी सेकंदाला ४८,००० सॅम्पलचा, म्हणजे ध्वनीच्या मोजलेल्या नमुन्यांचा, दर आणि वेव्ह ही न दाबलेली ध्वनिफाइल हेच वापरावे. यामागे साधे गणित आहे: ४८,००० ला २४ ने भागले तर प्रत्येक फ्रेमला बरोबर २००० सॅम्पल येतात आणि २५ ने भागले तर १९२०. ४४,१०० चा दर घेतला तर २४ च्या फ्रेमदराला एका फ्रेममध्ये १८३७.५ सॅम्पल येतात, म्हणजे फ्रेमची कड आणि ध्वनीची कड एका जागी येतच नाही. एमपी३ फाइल कामाच्या मध्ये कुठेही नसावी, कारण ती बनवताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची रिकामी जागा भरली जाते आणि प्रत्येक सॉफ्टवेअर ती काढून टाकतेच असे नाही. गायकाने मोबाइलवरून एमपी३ पाठवली असेल, तर मूळ वेव्ह मागून घ्यावी. ती मिळणारच नसेल, तर एकदाच वेव्हमध्ये रूपांतर करून पुढची सगळी मोजमापे त्या रूपांतरित फाइलवरच करावीत.

दुसरे काम: स्वतःचे कान आणि पडदा तपासणे

ज्या यंत्रावर जुळणी करायची, तेच खोटे सांगत असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचणे अगदी सामान्य आहे, म्हणजे तीन ते पाच फ्रेमचा फरक पडतो. काही प्लेअर तो भरून काढतात, काही काढत नाहीत. जुळणीच्या कामासाठी तारेचाच हेडफोन वापरावा. मोठा टीव्ही मॉनिटर म्हणून लावला असेल, तर तो चित्रावर प्रक्रिया करताना चित्र मागे टाकतो, हेही लक्षात असू द्यावे.

तपासणीसाठी दहा सेकंदांची एक फाइल स्वतः बनवावी: पूर्ण काळे चित्र, प्रत्येक सेकंदाच्या पहिल्या फ्रेमला एक पांढरी फ्रेम आणि त्याच फ्रेमवर एक फ्रेम लांबीचा बीप. ही फाइल चालवल्यावर उजेड आणि आवाज एकत्र जाणवले नाहीत, तर दोष यंत्रणेत आहे, आपल्या चित्रपटात नाही. नवीन संगणक, नवीन स्पीकर किंवा प्रदर्शनाचे नवीन सभागृह समोर आले की मी आजही आधी हीच फाइल चालवते.

तिसरे काम: ध्वनी वाचणे

अंतिम संगीत तयार नसले तरी स्क्रॅच ट्रॅक, म्हणजे कच्चा ध्वनी, हवाच. संवाद स्वतःच्या आवाजात वाचून नोंदवावेत, गाण्याचा ठेका टेबलावर वाजवून घ्यावा. कच्च्या ध्वनीवर अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डच्या स्थिर चित्रांची वेळेत मांडलेली मालिका, तयार करावी. मात्र ज्या दृश्यांत बोलणे, नाचणे किंवा वाजवणे आहे, त्यांची अंतिम चित्रे अंतिम ध्वनी हाती येईपर्यंत सुरू करू नयेत. नुसते चालणे, पाहणे, पाऊस पडणे अशा दृश्यांत ध्वनी नंतर बसवता येतो. कोणत्या दृश्यात ध्वनी पुढे चालणार आणि कोणत्या दृश्यात चित्र, याची नोंद प्रत्येक दृश्याच्या नावापुढे सुरुवातीलाच करून ठेवावी.

अंतिम ध्वनी हाती आला की तो ऑडॅसिटी या ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठा करावा आणि प्रत्येक महत्त्वाच्या ठोक्याच्या जागी लेबल लावावे. येथे एक चूक सर्रास होते: वेव्हफॉर्ममध्ये जिथे उंची सर्वाधिक आहे, तिथे खूण केली जाते. खूण करायची ती उंची जिथून सुरू होते तिथे, म्हणजे आघाताच्या सुरुवातीला. ढोलकी किंवा टाळ यांच्याबाबत सुरुवात आणि शिखर जवळजवळ एकच असतात. बासरीचा स्वर मात्र हळूहळू भरतो आणि गळ्यातून येणारा शब्द त्याहून गुंतागुंतीचा असतो. गायिका ‘श्रावण’ म्हणते, तेव्हा ‘श’ची सळसळ मात्रेच्या बरीच आधी सुरू होते, कानाला मात्रा जाणवते ती ‘रा’मधल्या ‘आ’च्या सुरुवातीला. अशा जागी खूण स्वरावर करावी, व्यंजनावर करू नये. शंका असेल तिथे डोळे मिटून टेबलावर बोट आपटत ऐकावे. बोट जिथे पडते तीच खरी जागा.

लय स्थिर असेल, तर गणित सोपे आहे. २४ च्या दराने १४४० या आकड्याला मिनिटातील मात्रांच्या संख्येने भागले की दोन मात्रांमधील फ्रेम मिळतात. लय १२० असेल तर १२ फ्रेम, ९० असेल तर १६, ८० असेल तर १८, ६० असेल तर २४. २५ च्या दराला हाच आकडा १५०० होतो. तिथे १२५ च्या लयीला १२ फ्रेम आणि १०० च्या लयीला १५ फ्रेम येतात. संगीतकार मित्राशी आधी बोलता आले, तर पूर्ण भाग जाणारी लय मागून घ्यावी. ११८ ऐवजी १२० म्हटले तर गाण्याचे फारसे काही बिघडत नाही आणि आपले कितीतरी दिवस वाचतात.

पूर्ण भाग जात नसेल, तर प्रत्येक मात्रेला वेगळे पूर्णांकात आणून बेरीज करत जाऊ नये. ११० च्या लयीला भागाकार १३.०९ येतो. दरवेळी १३ धरून पुढे गेलो, तर ८८ मात्रांनंतर, म्हणजे अवघ्या ४८ सेकंदांत, आठ फ्रेमची चूक साचते. त्याऐवजी कितवी मात्रा आहे त्या आकड्याला १३.०९०९ ने गुणावे आणि आलेले उत्तर शेवटी एकदाच जवळच्या पूर्णांकावर आणावे. मग चूक कधीही अर्ध्या फ्रेमच्या वर जात नाही.

आपल्याकडच्या संगीतात मात्र लय अनेकदा स्थिर नसतेच. भजनाचा गजर चढत जातो, तसतसा मृदंग पुढे सरकतो. ढोलकीवाला रंगात आला की लय वाढवतो, आणि ती वाढणे हाच त्या वादनाचा प्राण असतो. माझ्या एका लघुपटात ४२ सेकंदांचे टाळ्यांचे दृश्य होते. सुरुवातीच्या काही मात्रा मोजून मी लय १०० धरली आणि पूर्ण दृश्याचा हिशेब त्यावर मांडला. प्रत्यक्षात वादन हळूहळू १०८ पर्यंत चढले होते. जुळणीला बसल्यावर पहिल्या टाळ्या अचूक समेवर पडत होत्या, दृश्याच्या मध्याला त्या दोन मात्रांच्या मधोमध लोंबकळत होत्या, आणि शेवटाला चित्र जवळजवळ तीन मात्रा मागे राहिले होते. त्या दृश्याची निम्म्याहून अधिक चित्रे पुन्हा काढावी लागली. तेव्हापासून माणसाने वाजवलेल्या कोणत्याही ध्वनीची प्रत्येक मात्रा मी हाताने खूण करून घेते. साडेतीन मिनिटांच्या गाण्याला यासाठी एक दुपार लागते.

सॉफ्टवेअरच्या साहाय्याने लय सरळ करून घेण्याचा मार्गही उपलब्ध आहे. तो मी सहसा वापरत नाही. चढत जाणाऱ्या लयीला ठोकून सपाट केले, तर गाण्यातली ऊब निघून जाते. त्यापेक्षा चित्रांनी लयीमागे जावे.

चौथे काम: एक्स-शीट भरणे

ऑडॅसिटीतील लेबले मजकूर फाइल म्हणून बाहेर काढता येतात. त्यात प्रत्येक खुणेची वेळ सेकंदांत असते. ती वेळ २४ ने गुणली की फ्रेमचा आकडा मिळतो. येथे एका फ्रेमची चूक हमखास होते, कारण ध्वनीचे सॉफ्टवेअर शून्यापासून मोजते आणि ब्लेंडरमध्ये पहिली फ्रेम १ या आकड्याची असते. म्हणून दहाव्या सेकंदावरचा ठोका २४० व्या नव्हे, तर २४१ व्या फ्रेमला येतो. दृश्यागणिक ही एक फ्रेम कधी मिळवली आणि कधी विसरली, तर चित्रपटभर एक अस्वस्थ करणारी ढिलाई पसरते आणि ती नेमकी कुठून आली हे सापडत नाही.

एक्स-शीट म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी एक ओळ असलेला तक्ता. जुन्या स्टुडिओंमध्ये तो छापील कागदावर असे. आज ओपनटून्झमध्ये तो आयता मिळतो किंवा साध्या स्प्रेडशीटमध्येही करता येतो. पहिल्या स्तंभात फ्रेमचा आकडा, दुसऱ्यात ध्वनी, तिसऱ्यात कृती आणि पुढे चित्रांचे थर लिहावेत. ध्वनीच्या स्तंभात मात्रा आणि अक्षरे प्रत्यक्ष लिहावीत: १७ व्या फ्रेमपुढे ‘धा’, २५ व्या फ्रेमपुढे ‘पा’. हा तक्ता भरताना आवाज चालू नसतो, तरी भरलेल्या तक्त्यावरून वरून खाली बोट फिरवताना दृश्य डोक्यात वाजू लागते.

मुसळाचा एक ठोका, जवळून

आता उखळाचे दृश्य घेऊ. आजी मिरच्या कांडते आहे, ढोलकीची लय ९० आहे, म्हणजे ठोके १, १७, ३३, ४९ या फ्रेमना पडतात. एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत १६ फ्रेम आहेत आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरायचे ठरवले आहे.

सतराव्या फ्रेमला मुसळ टेकलेले आहे. एकोणिसाव्याला ते टेकलेलेच आहे, पण आजीचे खांदे थोडे खाली दबले आहेत. वजन दाखवणारे चित्र हेच, आणि हे वगळले तर आवाज कितीही दणदणीत असला तरी मुसळ थर्माकोलचे वाटते. २१ ते २५ या फ्रेमना मुसळ वर जाते, आधी सावकाश आणि मग वेगाने. २७ आणि २९ ला ते माथ्यावर जवळजवळ थांबते, केवळ बोटभर सरकते. आजी श्वास घेते तो इथेच. ३१ ला ते खाली निघाले आहे, ३२ ला एका फ्रेमपुरते लांबट, ताणलेले चित्र आहे आणि ३३ ला ते पुन्हा टेकते. वर जायला सहा-आठ फ्रेम आणि खाली यायला केवळ दोन फ्रेम, या विषम वाटणीमुळेच ठोका ठोक्यासारखा वाटतो. ध्वनीशी जुळवायची असते ती पूर्ण हालचाल नव्हे, तर टेकण्याची एक फ्रेम. ती फ्रेम सापडली, की बाकीचा वेळ अ‍ॅनिमेटरचा.

हाच ठोका ९६ च्या लयीत घेऊन पाहा. आता अंतर १५ फ्रेमचे झाले आणि ठोके १, १६, ३१, ४६ या फ्रेमना पडू लागले: एकदा विषम आकड्यावर, एकदा सम आकड्यावर. चित्रे दोन-दोन फ्रेमची असतील, तर नवे चित्र फक्त विषम फ्रेमलाच सुरू होते, म्हणून प्रत्येक दुसरा ठोका एका फ्रेमने चुकतो. उपाय असा की, माथ्यावरचे एखादे चित्र दोनऐवजी एक किंवा तीन फ्रेम धरावे. माथ्यावर हालचाल मंद असल्यामुळे तिथली एक फ्रेम डोळ्याला कळत नाही; टेकण्याजवळची मात्र लगेच कळते.

टेकण्याचे चित्र आवाजाच्या नेमक्या फ्रेमला ठेवावे की किंचित आधी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझे उत्तर: एक फ्रेम आधी, मोठ्या, दूरच्या हालचालीत दोन फ्रेम आधी. निसर्गात प्रकाश आधी येतो आणि आवाज मागून, त्यामुळे चित्रामागून येणाऱ्या आवाजाला आपला मेंदू सरावलेला आहे. आवाज आधी आला तर मात्र तो चटकन अडखळतो. प्रक्षेपणासाठीच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही हीच विषमता आहे: आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकांना फरक जाणवू लागतो, उशिरा आला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. सभागृहाचा विचारही करावा लागतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणून पडद्यापासून ३० मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला आवाज आपसूकच दोन फ्रेम उशिरा मिळतो. आपण चित्र चार फ्रेम आधी ठेवले असेल, तर त्याच्यासाठी ते सहा फ्रेम होते आणि जुळणी तुटते. म्हणून एक-दोन फ्रेमच्या पलीकडे जाऊ नये.

संवाद आणि ओठ

ओठांची जुळणी करताना लिहिलेल्या संवादाकडे न पाहता बोललेल्या संवादाकडे कान द्यावा. आपण ‘करतो’ लिहितो आणि ‘कर्तो’ बोलतो. ‘बोलायला’ लिहिले असले तरी आजी कदाचित ‘बोलाय्ला’ म्हणून मोकळी होते. कागदावरच्या प्रत्येक अक्षराला तोंड उघडले, तर पात्र चघळत असल्यासारखे दिसते.

मराठीसाठी सात-आठ मुखाकृती पुरतात. प, फ, ब, भ, म यांसाठी मिटलेले ओठ. आ साठी मोठे उघडे तोंड. अ साठी अर्धे उघडे. इ, ई, ए यांसाठी पसरलेले. उ, ऊ, ओ, औ यांसाठी गोलावलेले. व साठी खालचा ओठ वरच्या दातांजवळ. स, श, च, ज यांसाठी जुळलेले दात. आणि स्वस्थ मिटलेले तोंड. ‘ळ’ आणि ‘ण’ यांत जिभेची करामत मोठी असली तरी ती तोंडाच्या आत घडते, बाहेरून फारसे दिसत नाही. तिथे शेजारच्या स्वराची आकृती चालते. ‘चमचा’तला ‘च’ आणि ‘चार’मधला ‘च’ हे कानाला वेगळे असले तरी ओठांना जवळजवळ सारखेच आहेत.

आजी म्हणते, ‘पाऊस आला गं बाई.’ ‘पा’चा स्फोट २५ व्या फ्रेमला ऐकू येतो. ओठ तेव्हा मिटवले तर उशीर झाला. ते २३ आणि २४ ला मिटलेले हवेत आणि २५ ला ‘आ’साठी उघडलेले हवेत. २९ च्या आसपास तोंड गोल होते, ३३ ला दात जुळतात, आणि ‘बाई’च्या आधी पुन्हा पूर्ण दोन फ्रेम ओठ मिटतात. साधारण बोलण्यात एका अक्षराला तीन ते पाच फ्रेम मिळतात, म्हणून सगळे ध्वनी दाखवणे शक्यही नसते आणि आवश्यकही नसते. मिटलेले ओठ मात्र कधीही गाळू नयेत आणि केवळ एकाच फ्रेमपुरते ठेवू नयेत. प्रेक्षक ‘इ’ आणि ‘ए’ यांतला फरक माफ करतो, पण उघड्या तोंडातून आलेला ‘म’ माफ करत नाही.

रूबार्ब लिप सिंक हे मोफत साधन वेव्ह फाइलवरून मुखाकृतींची यादी तयार करून देते. मराठीसाठी त्यातला भाषानिरपेक्ष, केवळ ध्वनी ओळखणारा पर्याय निवडावा. पहिला आराखडा म्हणून ते उपयोगी आहे. मिटलेल्या ओठांच्या जागा मात्र स्वतः ऐकून दुरुस्त कराव्यात. आणि ओठांच्याही आधी शरीर: ज्या शब्दावर जोर आहे, त्याच्या तीन-चार फ्रेम आधी भुवई किंवा मान हलली, तर ओठांतली थोडीफार कसूर झाकली जाते.

चित्र आधी असेल तेव्हा

काही दृश्यांत संगीत नंतर रचले जाते. १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’च्या ध्वनिमुद्रणात वादकांना चित्राशी लय राखता आली नाही आणि पहिला प्रयत्न फसला, पुढच्या वेळी संचालकाला लय दाखवण्यासाठी फिल्मवर उड्या मारणारा चेंडू वापरला गेला. आज त्याच कामासाठी क्लिक ट्रॅक, म्हणजे वादकांच्या कानात लय मोजणारा टिकटिक आवाज, असतो. संगीतकाराला द्यायच्या प्रतीत फ्रेमचा आकडा चित्रावर छापलेला असावा, लांबी अंतिम झालेली असावी आणि सोबत आघाताच्या जागांची यादी द्यावी. ही यादी लहान ठेवणे महत्त्वाचे. पात्राच्या प्रत्येक पावलाला, प्रत्येक पापणीला वाद्याचा सूर दिला, तर संगीत पात्राची नक्कल करत फिरते आणि भावना सांगायला त्याला जागाच उरत नाही. एका मिनिटात चार-पाच जागा ठामपणे जुळवाव्यात आणि मधल्या भागात संगीताला स्वतःच्या वाटेने जाऊ द्यावे.

टाइमलाइनवर मांडणी

दृश्ये चित्रमालिकेच्या रूपात, म्हणजे प्रत्येक फ्रेमची एक पीएनजी फाइल अशी, रेंडर करावीत, म्हणजे सॉफ्टवेअरमधून अंतिम चित्रे तयार करून घ्यावीत. फ्रेमची संख्या फोल्डरमध्ये मोजता येते, एखादी फ्रेम बिघडली तर तेवढीच पुन्हा काढता येते, आणि स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये असतो तसा बदलता फ्रेमदर शिरत नाही. मालिका आयात करताना सॉफ्टवेअर तिला कोणता दर लावते आहे ते पाहावे; अनेकदा तिथे आपोआप ३० किंवा २५ लागलेला असतो.

टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या वेळेच्या पट्टीवर, सर्वांत खाली अंतिम ध्वनी ठेवून तो कुलूपबंद करावा, त्यावर अ‍ॅनिमॅटिक ठेवावे आणि तयार झालेले प्रत्येक दृश्य अ‍ॅनिमॅटिकच्या वर त्याच जागी ठेवत जावे. नवीन दृश्य बसवताना त्यानंतरची दृश्ये पुढे ढकलणारी पद्धत चुकूनही वापरू नये. एका दृश्यात तीन फ्रेम वाढल्या की त्यापुढचा सगळा चित्रपट तीन फ्रेमने सरकतो. प्रत्येक दृश्याला दोन्ही टोकांना आठ-आठ फ्रेम जादा काढून ठेवाव्यात. कट दोन फ्रेम मागे-पुढे करण्याची मुभा त्यातूनच मिळते.

ब्लेंडरमध्ये पूर्वदर्शन पाहताना प्लेबॅकचा पर्याय ध्वनीशी जुळवून चालण्याचा निवडावा. प्रत्येक फ्रेम दाखवण्याचा पर्याय असेल, तर जड दृश्यात चित्र मंदावते आणि आवाज पुढे निघून जातो. चांगले बसलेले दृश्य चुकल्यासारखे दिसते आणि आपण ते विनाकारण ‘दुरुस्त’ करून बिघडवतो.

कट कुठे घ्यावा याबाबत माझे मत असे की, मात्रेवर हालचालीचा आघात पडावा, प्रत्येक कट पडू नये. सलग चार कट समेवर पडले की पाचवा कुठे येणार हे प्रेक्षकाला आधीच कळते आणि डोळा सुस्तावतो. कट मात्रेच्या दोन-तीन फ्रेम आधी घेतला, तर नवीन चित्र डोळ्यात स्थिरावते आणि आघात त्या चित्रातच होतो. एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना पुढच्या दृश्याचा आवाज सहा ते बारा फ्रेम आधी सुरू केला, तर सांधा जाणवत नाही: आजी अजून खिडकीशी उभी आहे, आणि पागोळ्यांचा आवाज आधी येतो, अंगण मागून दिसते.

जुळणी (सिंक) सुटली तर

आधी सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक आघात तपासावा. दोन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल, तर पूर्ण ट्रॅक तेवढ्या फ्रेम सरकवला की काम झाले. फरक वाढत गेला असेल, तर कुठेतरी दर चुकला आहे, आणि ट्रॅक सरकवून तो कधीही सुटणार नाही. १० मिनिटांना १४ फ्रेम वाढत असतील, तर २३.९७६ आणि २४ ची गल्लत आहे. गाणे साधारण दीड अर्धस्वर चढे ऐकू येत असेल आणि लवकर संपत असेल, तर ४४,१०० ची फाइल ४८,००० ची समजून वाजवली जात आहे. फरक एका विशिष्ट दृश्यानंतरच सुरू होत असेल, तर त्या दृश्याच्या फ्रेम मोजाव्यात. एक तरी कमी किंवा जास्त निघेल.

अंतिम प्रत

चित्रपटाची पहिली फ्रेम ०१:००:००:०० या टाइमकोडवर (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम) ठेवावी आणि बरोबर दोन सेकंद आधी, ००:५९:५८:०० वर, एक फ्रेम लांबीचा १००० हर्ट्झचा बीप आणि त्याच फ्रेमवर एक दृश्य खूण ठेवावी. यालाच टू-पॉप म्हणतात. शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी असाच दुसरा बीप द्यावा. ध्वनिमिश्रण दुसऱ्या स्टुडिओत होत असेल, तर परत आलेला ट्रॅक या दोन बीपांवरून काही क्षणांत बसवता येतो, आणि दोन्ही बीप बसले तर मधल्या पूर्ण लांबीत दर बदललेला नाही याची खात्री पटते.

निर्यात केलेली फाइल प्लेअरमध्ये पाहून समाधान मानू नये. ती पुन्हा त्याच टाइमलाइनवर, मूळ ट्रॅकच्या वर आणून ठेवावी आणि दोन्ही वेव्हफॉर्म एकाखाली एक मोठे करून पाहावेत, कारण आकार कमी करण्यासाठी दाबलेल्या ध्वनीच्या काही स्वरूपांत निर्यातीच्या वेळीही सुरुवातीला जवळजवळ एका फ्रेमची भर पडते. पहिला बीप, उखळाचा पहिला ठोका, ‘पाऊस’मधले मिटलेले ओठ, गाण्याची शेवटची टाळी आणि शेवटचा बीप या पाच जागा फ्रेम थांबवून तपासाव्यात. त्या जुळल्या की प्रेक्षकांना दाखवायच्या प्रतीतून दोन्ही बीप काढून टाकावेत, मूळ प्रत बीपांसह वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि भरलेल्या एक्स-शीट त्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात. चित्रपटाचे दुसऱ्या भाषेत डबिंग करायचे ठरले, तर कामाची सुरुवात त्या तक्त्यांपासूनच होते.